‘जेवली ना मी!’

महिन्याचे शेवटचे आठ दिवस, रूमवरचा कुकर आणि घरी फोनवर मारलेली एक थाप

आज तारीख काय? पाच-सात असेल तर हा लेख तुम्ही तर्री-पोहे खात वाचत असाल. चोवीस-पंचवीस असेल तर बहुतेक पाणी पिऊन. रूम करून राहणाऱ्या पोरापोरींचं कॅलेंडर असंच असतं. त्यात महिन्याचे दोनच भाग पडतात. एक, पैसे आहेत तो. दुसरा, आईचा फोन आला की आवाज जरा जास्तच खुशीत काढावा लागतो तो.

मी लाखांदूर तालुक्यातली. बारावीनंतर तीन वर्षं भंडाऱ्यात रूम करून बी.एस्सी. केलं, मग मास कम्युनिकेशनला आले आणि सध्या या पुरवणीत इंटर्नशिप करतेय. ‘कॉलेजच्या कडकीतलं खाणं’ हा विषय हातात पडला तेव्हा वाटलं, एकदम सोपं काम आहे. मॅगी, पोहे, दोन-चार किस्से, झालं. मग पवनी, तुमसर, साकोली, मोहाडीकडून भंडाऱ्यात शिकायला आलेल्या ओळखीच्या पोरांना विचारत सुटले. काही आत्ता शिकतात, काही नोकरीला लागलेत. सगळ्यांची सुरुवात हसत व्हायची. दहा-पंधरा मिनिटांनी मात्र जवळजवळ प्रत्येक जण एकाच ठिकाणी येऊन थांबायचा. ‘घरी मात्र सांगायचो हं, जेवलो म्हणून.’

हे वाक्य मी पण पुष्कळदा बोललेय. ते मला महागात पडलं. ते पुढे सांगते. आधी किस्से.

पोतं आलं रे!

आपला जिल्हा धानाचा. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याचं सगळ्यात स्वस्त जेवण विकत मिळत नाही, ते घरून येतं. दिवाळीच्या आसपास धान निघाला, गिरणीवरून तांदूळ आला की अर्धं पोतं एसटीच्या टपावर किंवा कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून भंडाऱ्याला पोचतं. रूमच्या कोपऱ्यात ते उभं राहिलं की पुढच्या तीन महिन्यांची अर्धी काळजी मिटली.

मग पार्टनरशिप सुरू. एकीचा तांदूळ, दुसरीच्या बांधीच्या धुऱ्यावर झालेली तूरडाळ, तिसरीच्या घरचं तिखट, हळद आणि जवसाची चटणी. विकत आणायचं ते तेल, मीठ, आलू, टमाटर. सांबार भाजीवाली अशीच देते. (पुण्या-मुंबईकडच्या मित्रांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीसोबतचं विचारू नका.) एका कुकरमध्ये खाली भात, वर डब्यात डाळ. तीन शिट्ट्यांत तिघींचं जेवण.

ह्या वरण-भाताला आपण उगाच ‘आजारी माणसाचं खाणं’ म्हणतो. तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी पडतं, ते तांदूळ देतो. दोन्ही एका ताटात आले की एकमेकांची उणीव भरून निघते. तुमच्या आजीनं बायोकेमिस्ट्री न शिकता हे जमवलं होतं.

डाळ महाग झाली की अनेकांच्या घरून लाखोरी यायची. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत बी फेकून द्यायचं, पुढे फारसं काही न करता पीक येतं, म्हणून ही गरिबाची डाळ. तिच्यावर १९६१ साली विक्रीबंदी आली होती, कारण दुष्काळात महिनोन् महिने नुसती लाखोरीच खाणाऱ्यांना पायाचा लकवा व्हायचा. महाराष्ट्रानं ती बंदी २००८ मध्ये उठवली. अधूनमधून खायला हरकत नाही, पण रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं आणि रोज तीच एक डाळ खायची नाही. लाखोरीचे वडे खाल्ले नसतील, तर एखाद्या मोहाडीच्या पार्टनरला पटवा.

आणि हो, एसटीचा डबा! जवळच्या गावातल्या आया सकाळच्या गाडीत ड्रायव्हरजवळ डबा देतात. पोरगा स्टँडवर उभा असतो. एका दोस्तानं सांगितलं, त्याची गाडी एकदा रस्त्यात बंद पडली आणि डबा संध्याकाळी पाचला पोचला. ‘भाजी आंबली होती बे, पण भाकर चांगली होती,’ असं तो अजूनही मोठ्या अभिमानानं सांगतो.

विसाच्या नोटेत काय येतं?

घरून पोतं येत नाही किंवा रूमवर स्वयंपाक चालत नाही, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं सगळं गणित टपरीवर.

तर्री-पोह्याची प्लेट ही आपल्या विदर्भाची मोठी देणगी आहे. पोहे मूठभर, पण वरून हरभऱ्याची झणझणीत तर्री. आणि खरी कला पुढे आहे. प्लेट अर्धी झाली की एकदम नम्रपणे म्हणायचं, ‘भाऊ, जराशी तर्री.’ भाऊ ओततो. पाच मिनिटांनी पुन्हा म्हणायचं. तिसऱ्यांदा भाऊ नुसता बघतो. पण ज्याला रोजचं गिऱ्हाईक ओळखता येतं तो बघता बघता चमचाभर हरभरे पण टाकतो. हे मी पाहिलंय.

दुसरा जुगाड आलूबोंड्याचा. एक आलूबोंडा, दोघांत फोडायचा, वर तर्री आणि सोबत रूमवरून आणलेल्या सकाळच्या पोळ्या. तिसरा, पाच रुपयांचा पारले-जी. किंमत वर्षानुवर्षं पाचच, वजन मात्र गपचूप कमी होत गेलेलं. चहात बुडवून रात्रीचं जेवण म्हणून खपवलेला.

आणि नूडल्स. जपानमध्ये १९५८ साली मोमोफुकू अँडो या माणसानं झटपट नूडल्स तयार केल्या, त्या महायुद्धानंतर खाण्यासाठी लागलेल्या लोकांच्या रांगा बघितल्यामुळे. आज अमेरिकेतला कडका विद्यार्थी त्याच खातो आणि आपल्या खात रोडवरच्या रूमवर पण त्याच शिजतात. भुकेसाठीच जन्मलेला पदार्थ आहे तो, पण त्यात मुख्यतः मैदा आणि मीठ असतं. एक अंडं फोडून टाकलं तर जेवणाच्या जरा जवळ जातो.

मुलींचं गणित आणखी वेगळं. रात्री साडेआठला भूक लागली म्हणून आम्ही टपरीवर जाऊन उभ्या राहू शकत नाही. गेट बंद झालेलं असतं, नाहीतर घरमालकीण खिडकीत बसलेली असते. म्हणून मुलींच्या रूमवर फुटाणे, मुरमुरे आणि शेंगदाणे जास्त सापडतात. ज्या दिवशी डबा संपला त्या दिवशी ते पण नसतात.

भूक मारायचा खर्रा

आता जरा कडू गोष्ट. ती लिहायची की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला.

मुलांशी बोलताना विचारलं, ‘पैसेच नसले तर काय करायचा?’ तिघांनी वेगवेगळ्या दिवशी एकच उत्तर दिलं. खर्रा. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू, चुना. एक पुडी चौघांत. तोंडात टाकली की दोन-तीन तास भुकेची आठवण येत नाही. हे खरं आहे, निकोटीननं भूक दबते. पण पोट रिकामंच राहतं आणि सवय मात्र पक्की लागते. त्यातला एक आता नोकरीला आहे, पगार बरा आहे, आणि त्याचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. ‘तेव्हा जेवायला पैसे नव्हते, आता पैसे आहेत तर घास जात नाही,’ तो म्हणाला. मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

हिशेब करून बघा. चौघांनी मिळून दिवसाला दोन खर्रे घेतले, तर तेवढ्या पैशात चौघांची उकडलेली अंडी येतात.

माझी थाप

पहिल्या वर्षी आमचं पोतं आणि कुकर मस्त चाललं. दुसऱ्या वर्षी पार्टनर बदलल्या, नवी रूम घेतली, तिथे स्वयंपाकाला मनाई. मग मेस लावली. दोन वेळचं जेवण, पैसे महिन्याच्या सुरुवातीला.

त्या वर्षी बाबांनी धान विकला आणि चुकारे अडकले. शेतकऱ्याच्या घरातल्या पोरांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. माल गेलेला असतो, पैसे यायचे असतात आणि घरातले सगळे खर्च ‘चुकारे आले की’ या तारखेला टांगलेले असतात. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मी बाबांना पैसे मागितले नाहीत. काकूंना सांगितलं, ‘अभ्यासामुळे रात्री भूक नसते, एकच वेळचं लावते.’ पैसे अर्धे झाले. घरी सांगितलं, ‘मेस मस्त आहे.’

आई रोज रात्री विचारायची, ‘जेवली का बाई?’ आणि मी म्हणायची, ‘जेवली ना मी!’

पहिला आठवडा काही वाटलं नाही. उलट आपण घरचे पैसे वाचवतोय म्हणून छान वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात जिना चढताना धाप लागायला लागली. पाचव्या आठवड्यात प्रॅक्टिकलला टेबलापाशी उभी होते, समोरची परीक्षानळी दोन दिसायला लागली आणि मग काहीच दिसेना. मैत्रिणींनी दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन ८.२ निघालं. डॉक्टरांनी विचारलं, ‘काय जेवतेस?’ तिथे पण मी म्हटलं, ‘सगळंच.’ त्या काही बोलल्या नाहीत. माझी पापणी खाली ओढून बघितली आणि लिहायला लागल्या.

हे माझ्या एकटीचं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्ताक्षय आहे. तुमच्या वर्गात वीस मुली असतील तर हिशेब तुम्हीच करा.

संध्याकाळी मेसच्या काकू रूमवर आल्या. कुणीतरी सांगितलं असणार. हातात डबा. आधी तो माझ्यासमोर उघडला आणि मग बोलल्या. ‘तुले पैशाचं कोणं विचारलं होतं? चार पोट्टे उधारीवर जेवतेत माझ्याकडे, पाचवी तू. एवढ्यानं का होते?’

घरी फोन मीच केला. बाबा गप्प होते. आई मात्र अशी भडकली की काय सांगू! ‘पैसे नव्हते तं नव्हते, इथून तांदूळ धाडायले एसटी बंद पडली होती का?’ खरंच, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. तांदूळ काकूंना दिला असता तर त्यांनी मेसच्या पैशात धरला असता. पुढच्या रविवारी तेच केलं. चुकारे एप्रिलमध्ये आले, तेव्हा उरलेली उधारी फेडली.

एक रुपया ते दहा रुपये

त्या उन्हाळ्यात घरी गेल्यावर बाबांनी त्यांची गोष्ट सांगितली. ते पण शिकायला भंडाऱ्यात होते, १९९५-९६ च्या सुमारास. तेव्हा राज्यात एक रुपयात झुणका-भाकरीची योजना नुकतीच सुरू झाली होती. बाबांचं म्हणणं, दोन रुपये असले की राजा, एक असला तरी चालतंय. ती योजना पुढे बंद पडली, पण त्यांच्या वयाच्या माणसांना अजून तिची चव आठवते. ‘मग आजीला काय सांगायचे?’ मी विचारलं. ‘सांगत होतो, खानावळ लावली म्हणून,’ बाबा म्हणाले आणि दोघंही हसलो.

तशीच गोष्ट आता शिवभोजन थाळीची. २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दोन पोळ्या, एक भाजी, वरण आणि भात, १० रुपयांत. ताटाचा दर शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरलेला. तुमचे १० वजा जाता बाकीचे सरकार देतं. कोरोनाच्या काळात तेच ताट ५ रुपयांना आणि काही महिने फुकट मिळालं. दुपारचं जेवण म्हणून यापेक्षा स्वस्त काय असणार?

तरी मी त्या पाच आठवड्यांत एकदाही गेले नाही. एकदा रांगेपर्यंत गेले होते. तिथे थाळी देताना नोंदीसाठी फोटो काढतात. ‘आपला फोटो कोणी पाहिला तर?’ एवढ्यावरून परत आले. आज त्याचा राग येतो, स्वतःचाच. रांगेत रिक्षावाले होते, बाजाराला आलेल्या बाया होत्या, दोन मुलं कॉलेजची बॅग घेऊन उभी होती. कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

लाज वाटते तेव्हा मी एक गोष्ट आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत होते तेव्हा सकाळी घरमालकीण देईल तो पावाचा तुकडा आणि रात्री पोटात कालवाकालव झाली की एक कप गरम पेय आणि भाजलेले पापड, एवढ्यावर ते अभ्यास करायचे. हे त्यांच्या चरित्रात आहे. पुढे १९५४ मध्ये याच भंडाऱ्यातून ते लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. पापड खाऊन काढलेल्या त्या रात्री त्यांनी लपवल्या नाहीत, म्हणून तर आपल्याला माहीत आहेत. पण आपण पण तसंच उपाशी राहून शिकावं, असा त्याचा अर्थ काढू नका. त्यांच्यानंतरच्या पोरांवर ती वेळ येऊ नये म्हणून तर वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या आल्या.

मग करायचं काय?

पहिलं, आपल्या हक्काचं काय आहे ते बघा. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून गप्प बसू नका. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला वर्षाला ४३,००० रुपये, त्यातले २५,००० फक्त जेवणासाठी धरलेले. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम योजना, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, तर अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अटी आणि रकमा बदलतात, म्हणून ॲडमिशनच्या वेळीच कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर विचारा. हप्ता खात्यात पडेपर्यंत मात्र तो धरून खर्च ठरवू नका.

दुसरं, शेवटच्या आठवड्याची तयारी पहिल्या आठवड्यात करा. पैसे आले त्याच दिवशी एक किलो फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ आणून डब्यात ठेवा. मूग किंवा मटकी भिजवून फडक्यात बांधली की गॅसशिवाय मोड येतात. खिचडीत दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घाला, नुसती पिवळी करू नका. जेवणावर लिंबू पिळा, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागतं. जेवल्यावर लगेच चहा पिऊ नका, त्यानं ते लागत नाही. आणि मुलींनो, वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या.

तिसरं, उधारी करा, पण खरं बोलून करा. मेस चालवणारी बाई काही सावकार नसते. आमच्या काकू पहाटे चारला उठतात. त्यांची स्वतःची उधारी किराणा दुकानात असते. दरवर्षी एक-दोन पोरं परीक्षा झाली की पैसे न देता गायब होतात आणि तो खड्डा त्या स्वतः भरतात. तुम्हाला स्वस्तात जेवण मिळतं तेव्हा उरलेली किंमत कुणीतरी देतच असतं. म्हणून तारीख सांगून उधारी घ्या, ती टळली तर तोंड लपवू नका, जाऊन नवी तारीख सांगा. पैसे नसले तर घरचा तांदूळ द्या.

आणि शेवटचं, पार्टनरकडे लक्ष ठेवा. ‘मला भूक नाही’ असं कुणी सलग चार दिवस म्हणत असेल, तर त्याला भूक असते. त्याला प्रश्न विचारू नका. ताटात एक पोळी जास्त घ्या आणि म्हणा, ‘बे, हे संपत नाही माझ्याच्यानं.’

परवा या लेखासाठी काकूंकडे गेले होते. उधारीच्या वहीत सध्या सहा नावं आहेत. नावं दाखवली नाहीत, वही उलटी ठेवली. तासभर बोलल्या, मी लिहून घेत होते. निघायला लागले तर दारात विचारलं, ‘जेवली का?’

दुपारचे तीन वाजले होते. जेवले नव्हते. तसं सांगितलं. आतून ताट आलं, वरण-भात आणि वांग्याची भाजी. जेवून उठले, पैसे दिले आणि मग ऑफिसला आले.